‘चौकशी चालू आहे’ हे अर्धंच वाक्य आहे, उरलेलं अर्धं मागा

पत्र : आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेची नवी वर्गखोली दोन वर्षांपूर्वी बांधून झाली. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तिच्या छताचं प्लॅस्टर खाली आलं. पालकांनी ओरड केल्यावर चौकशी लागली. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. बांधकामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहायची वही), ठेकेदाराला दिलेली बिलं आणि काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल मी माहिती अधिकारात मागितले. अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं : ‘सदर प्रकरणी चौकशी सुरू असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.’ चौकशी कधी संपणार, ते कुणी सांगत नाही. सासरे म्हणतात, संपेपर्यंत थांबायला काय जातं? आमचे हे म्हणतात, ठेकेदार गावातलाच आहे, वाईटपणा कशाला? उत्तर हातात पडून बारा दिवस झालेत. मी थांबावं का?
एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई,

थांबू नका. नकार हातात पडल्यापासून पहिल्या अपिलाला तीस दिवस मिळतात. त्यातले बारा गेले, अठरा उरले. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो, पण तेवढा वाद त्यांना आयता कशाला द्यायचा?

त्याआधी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही आणि मला मात्र पहिल्या ओळीपासून टोचतेय. त्या खोलीत आत्ता वर्ग भरतो का? भरत असेल तर माहिती अधिकार बाजूला ठेवा. उद्याच्या उद्या मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक साधा अर्ज द्या : खोली बंद करावी, छताची तांत्रिक तपासणी करावी, तोवर मुलांना दुसरीकडे बसवावं. अर्जावर समितीतल्या चार आयांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कागद दोन महिन्यांनी मिळाले तरी चालतील, छत तेवढं थांबेल याची हमी कुणी दिलेली नाही.

आता तुमच्या एका ओळीच्या उत्तराकडे येते. ते वाचलं आणि मला हसू आलं, थोडं ओशाळवाणं. कारण शब्द इकडचे तिकडे करून हेच वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. निवृत्त होण्याआधी काही वर्षं मी एका सरकारी कार्यालयात जन माहिती अधिकारी होते. अडचणीची फाईल आली की साहेबांकडे घेऊन जायची. साहेब चष्म्यावरून बघून म्हणायचे, “चौकशी लागलीय ना? मग तसं लिहा.” मी लिहायचे. बहुतेक अर्जदार गप्प बसत. एक म्हातारे गृहस्थ बसले नाहीत, ते थेट माहिती आयोगापर्यंत गेले. सुनावणीत आयुक्तांनी माझ्याकडे बघून एकच प्रश्न विचारला : “हे कागद यांना दिले तर चौकशीत अडथळा कसा येईल, ते सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाईल चाळल्यासारखं केलं. त्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मला अजून आठवतो.

तोच प्रश्न आता तुम्ही विचारायचा आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहा. कलम ८(१)(ज) असं म्हणत नाही की चौकशी चालू असेल तर माहिती देऊ नका. ज्या माहितीमुळे तपासाच्या, गुन्हेगाराला पकडण्याच्या किंवा त्याच्यावर खटला चालवण्याच्या कामात अडथळा येईल, ती माहिती नाकारता येते, एवढंच ते म्हणतं. म्हणजे नकाराच्या वाक्याला दोन भाग हवेत. चौकशी चालू आहे, हा पहिला. ही माहिती दिली तर अमुक कारणाने ती अडेल, हा दुसरा. तुम्हाला पहिला भाग पाठवला आणि दुसरा कार्यालयातच ठेवून घेतला.

जाता जाता एक बारीक गोष्ट, कारण हिच्यापायी मी भलती अपिलं झालेली पाहिली आहेत. कायद्याच्या मराठी प्रतीतला ‘ज’ म्हणजे इंग्रजी प्रतीतला ‘एच’. इंग्रजीतलं ‘जे’ म्हणजे मराठीत ‘ञ’, आणि ते खाजगी माहितीचं कलम आहे, त्याचा तपासाशी संबंध नाही. कुणी वकील किंवा ओळखीचा कार्यकर्ता ‘जे’बद्दलचे निकाल शोधून देऊ लागला तर त्याला थांबवा.

या मुद्द्यावर न्यायालयांचं म्हणणं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा ३ डिसेंबर २००७ चा निकाल आहे, भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त. न्यायमूर्ती रवींद्र भट यांचा. अर्जदाराने आयकर खात्याकडे करचुकवेगिरीची तक्रार केली होती आणि तिचं पुढे काय झालं ते विचारलं होतं. खात्याने तपासाचं कारण पुढे केलं. केंद्रीय माहिती आयोगाने माहिती द्यायला सांगितली खरी, पण सगळा तपास आणि वसुली पूर्ण झाल्यावर. तुमचे सासरे म्हणतात तसंच, संपू द्या की. उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. तपास चालू असणं एवढंच नकाराचं कारण होऊ शकत नाही, माहिती दिल्याने तपास कसा बिघडेल याची समाधानकारक कारणं द्यायला हवीत, असं न्यायालयाने म्हटलं. दुसरा निकाल ३ जून २०११ चा, बी. एस. माथुर यांच्या प्रकरणातला, न्यायमूर्ती मुरलीधर यांचा. यातली गंमत म्हणजे माहिती नाकारणारं कार्यालय खुद्द दिल्ली उच्च न्यायालयाचंच होतं, आणि त्यालाही न्यायालयाने हेच ऐकवलं. हे निकाल दिल्लीचे आहेत, म्हणून महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्यावर ते जसेच्या तसे बांधील आहेत असं मी सांगणार नाही. पण कायदा केंद्राचा आहे, कलम तेच आहे, आणि सुनावणीत या निकालांना वजन मिळतं.

तपास म्हटलं की सगळंच कुलूपबंद, असं मोठ्या प्रकरणांतही झालेलं नाही. २६/११ च्या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी त्या रात्रीच्या पोलीस नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या नोंदी माहिती अधिकारातून मिळवल्या, तेव्हा कसाबवरचा खटला उभा होता. त्यापुढे आपली मोजमाप पुस्तिका ती काय!

तरी जन माहिती अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून आले आहे, म्हणून त्या बाजूचंही सांगते. चौकशीतले काही कागद मीसुद्धा आज देणार नाही. गवंड्याने किंवा मुकादमाने चौकशी अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब बाहेर फुटला तर संध्याकाळपर्यंत ठेकेदाराचा माणूस त्याच्या दारात उभा राहील. चौकशी अधिकाऱ्याच्या अर्धवट टिपणी, कुणाला कधी बोलावणार याची यादी, तक्रारदाराचं नाव, हे रोखण्यात अर्थ आहे. तुम्ही यातलं काही मागितलंय का? नाही. तुम्ही मागितलेले कागद चौकशीच्या बऱ्याच आधी जन्मले आहेत. अंदाजपत्रक मंजूर झालं, मोजमापं लिहिली गेली, बिलं निघाली, तेव्हा चौकशीचा पत्ताही नव्हता. आज चौकशी लागली म्हणून त्यांतला एकही आकडा बदलणार नाही. बदलला, तर तो तुम्हाला कागद दिल्यामुळे बदललेला नसेल. उलट खरी प्रत एकदा तुमच्या कपाटात आली की मोजमाप पुस्तिकेत नवं पान चिकटवणं अवघड होतं. ‘प्रत बाहेर गेल्याने पुराव्याला धोका नसून संरक्षण मिळेल’, हे वाक्य अपिलात जरूर घाला. अधिकाऱ्यांना ते आवडत नाही आणि खोडताही येत नाही.

अपील राज्याच्या नियमांतल्या जोडपत्र ‘ब’ या नमुन्यात करायचं, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कुणाकडे करायचं, हे खरं तर नकाराच्या पत्रातच लिहायला हवं होतं. कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील ही तिन्ही देणं बंधनकारक आहे. तुमच्या एका ओळीत यातलं काहीच नाही. हाही मुद्दा लिहा. कार्यालयाच्या दर्शनी भागात माहिती अधिकाराचा फलक असतो, त्यावर प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचं पदनाम सापडेल. मजकूर मी देते, तुमच्या तारखा घाला :

‘मी मागितलेले अभिलेख चौकशी सुरू होण्यापूर्वी, कामाच्या नियमित व्यवहारात तयार झालेले आहेत. ते दिल्याने चौकशीत नेमका कोणता व कसा अडथळा येईल, याचे एकही कारण जन माहिती अधिकाऱ्यांनी दिलेले नाही. कलम १९(५) नुसार नकार योग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांची आहे. चौकशी प्रलंबित असणे हे एवढेच कारण पुरेसे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने रिट याचिका ३११४/२००७ मध्ये दि. ३ डिसेंबर २००७ रोजी स्पष्ट केले आहे. एखादा भाग रोखणे आवश्यकच असल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित माहिती द्यावी. प्रश्न शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेचा असल्याने कलम ८(२) नुसार व्यापक जनहितही विचारात घ्यावे.’

एवढं पुरे. भ्रष्टाचार, लाटालाट, संगनमत असले शब्द अपिलात नकोत. मनात कितीही असले तरी नकोत. अपिलाचा विषय एकच आहे, नकार बेकायदा आहे. बाकीचं कागद बोलतील.

आणखी एका वादात शिरू नका. विभागीय चौकशी म्हणजे कायद्यातला तपास होतो की फक्त पोलिसांचाच, यावर मंडळी तासन्‌तास भांडतात. तुम्ही म्हणा, होत असेल तपास, पण अडथळा कुठे आहे ते दाखवा.

पहिलं अपील तीस दिवसांत निकाली निघायला हवं, फार तर पंचेचाळीस, तेही लांबवण्याची कारणं नोंदवून. सुनावणीला बोलावतील. साहेब अचानक दौऱ्यावर गेलेले असतील, तर हजर असल्याची लेखी नोंद देऊन या. खरं सांगायचं तर पहिल्या अपिलात फारशी आशा नसते. अपिलीय अधिकारी शेजारच्याच केबिनमध्ये बसतो, दोघांचा चहा एकाच टपरीवरून येतो. तरी ते टाळता येत नाही. आणि कधी कधी तिथेच काम होतं, कारण वरिष्ठाला दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घ्यायचं नसतं.

सुनावणीत कारण बदलू शकतं, त्याची तयारी ठेवा. ‘मूळ कागद चौकशी अधिकाऱ्याकडे गेलेत’ असं म्हणतील. मग कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे का वर्ग केला नाही, आणि पाठवताना छायांकित प्रत ठेवली नाही का, असं विचारा. ‘ठेकेदाराची व्यावसायिक गुपितं आहेत’ म्हणतील. सार्वजनिक पैशातून चुकती झालेली बिलं ही गुपितं नव्हेत. ‘फाईल सापडत नाही’ म्हणाले, तर तेच लिहून मागा. राज्यात २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे आणि अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘गहाळ’ हा शब्द सहीनिशी लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळ फायली त्याच कपाटाच्या मागे सापडतात. हे मी विनोदाने सांगत नाही.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, पहिल्याच्या निकालापासून नव्वद दिवसांत. साताऱ्याला पुणे खंडपीठ. तिथे प्रलंबित प्रकरणांची रास आहे, वर्ष-दोन वर्षं सहज जातात. दंडाची तरतूद दिवसाला अडीचशे रुपये आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार अशी आहे. ती लागते कमी, पण सुनावणीची नोटीस आल्यावर कागद आपणहून घरी येण्याचं प्रमाण मात्र मी चांगलं पाहिलंय. काही जण वैतागून अपिलाऐवजी कलम १८ खाली नुसती तक्रार करतात. तसं करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलंय की त्या तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही. तुम्हाला कागद हवेत.

हे चालू असताना दुसरा अर्ज टाका, तो चौकशीबद्दलच : चौकशीच्या आदेशाची प्रत, चौकशी अधिकाऱ्याचं पदनाम, अहवालाची ठरलेली मुदत, मुदतवाढ दिली असेल तर तिचे आदेश. जबाब मागू नका. याचा फायदा असा की चौकशी खरोखर चालू आहे की नुसती लागलेली आहे, ते कळतं. आदेश निघून चौकशी अधिकारीच नेमलेला नाही, असंही निघतं. आणि जी चौकशी कुणीच करत नाही, तिच्यात अडथळा तरी कसा येणार? राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न विचारू नका, कागद मागा. कुठल्या अधिकाऱ्याला काय नोटीस दिली, त्याच्यावर काय कारवाई झाली, हेही सध्या नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालानंतर ती माहिती खाजगी म्हणून नाकारली जाते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते खाजगी माहितीचं ‘ञ’ कलम आणखी रुंद केलं आहे. माणसाबद्दल विचारलं की दार बंद होतं. कामाबद्दल विचारा.

प्रतींबरोबर निरीक्षणही मागता येतं. सरकारी बांधकामाच्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही कायद्यातल्या माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शिवाय तुम्ही समितीच्या सदस्य आहात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने समितीला शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवायचं काम दिलंय. खोली ताब्यात घेतल्याचा कागद मुख्याध्यापकांकडे असायला हवा. तो पाहायला अर्ज कशाला? पुढच्या बैठकीत विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

आता सासऱ्यांचं. थांबायला काय जातं, हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला रोख उत्तर आहे. ठेकेदाराच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात काम खराब निघालं तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, आणि तोवर त्याची सुरक्षा अनामत सरकारकडे अडकलेली असते. मुदत संपली की अनामत परत. तुमच्या खोलीला दोन वर्षं झाली आहेत. करारात मुदत किती लिहिलीय हे आपल्याला माहीत नाही, कारण करार तुम्ही मागितलाच नाही. तिसऱ्या अर्जात तेवढंच मागा : करारनामा, आणि अनामत परत केली असल्यास त्याचा दिनांक. चौकशीचं घोंगडं भिजत राहण्यात कुणाचं भलं आहे, ते त्या एका तारखेवरून सासऱ्यांना दिसेल. आणि मुदत अजून उरली असेल तर अनामत रोखून धरावी असा समितीचा ठराव तातडीने पाठवा. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणात घाईची दुसरी गोष्ट हीच आहे, पहिली छताची.

तुमच्या यजमानांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा २०१० मध्ये खून झाला, माहिती अधिकारात काम करणाऱ्याचा. तुमचं प्रकरण तसलं नाही, पण एकटीने पुढे होऊ नका. अर्ज व्यक्तीच्याच नावाने करावा लागतो, समितीच्या नाही. मग पाच-सहा आयांनी एकाच दिवशी तोच अर्ज आपापल्या नावाने द्यावा. वाईटपणा सहा जणींत वाटला की एकीच्या वाट्याला फार येत नाही, आणि सहा आयांशी भांडण कोण काढेल, ठेकेदारालाही गावातच राहायचं आहे. त्याच्याशी रस्त्यात बोलणं बंद करू नका. विचारलंच तर सांगा, काम चांगलं असेल तर चाचणीचे अहवाल तुझीच बाजू मांडतील.

कोर्ट फी स्टॅम्प तहसील कचेरीबाहेरच्या विक्रेत्याकडे मिळेल. सोमवारी जाणार असाल तर दोन घ्या, दुसऱ्या अपिलालाही तेवढाच लागतो. आणि पोच घेताना शिक्क्यावरची तारीख वाचता येते का, ते तिथेच उजेडात धरून पाहा. आमच्या कार्यालयात शाई नेमकी तारखेवरच कमी पडायची.